केबिन आली त्या वर्षीची वेचणी

कापूस फुटला, की मला अजूनही आमच्या ह्यांचे खिसे तपासावेसे वाटतात. शाळेतून निवृत्त झाले, नातवंडं झाली, केसांना मेंदी लावणंही सोडून दिलं. पण मोताळ्याबाहेरच्या आमच्या शेतात बाया कमरेला ओटी बांधून ओळीला लागल्या, की धुण्यात टाकायच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात माझी दोन बोटं आपोआप जातात. हाताला काही लागत नाही. लागलंच तर सुपारीचा तुकडा, औषधाची चिठ्ठी. तरीही मी खिसा उलटा करून झटकते. मग स्वतःचीच लाज वाटते.

वेचणीचे दिवस तसे देखणे असतात. दव उतरल्याशिवाय कापसाला हात लावायचा नाही, म्हणून सकाळी सगळं शेत नुसतं बसून असतं. ऊन चढलं की बोंडांच्या वाळल्या टोकांवर बोटं ओरबाडून निघतात. घरात पुढच्या खोलीत ढीग लागतो आणि त्याचा एक कोमट, थोडा धुळकट वास अंथरुणा-पांघरुणाला लागतो. खामगावकडे जाणाऱ्या गाड्यांवर जाळी ओढलेली असते, तरी कापूस सुटतोच. रस्त्याकडेच्या बाभळी पांढरे पुंजके धरून उभ्या असतात. लहान मुलांना ते आवडतं. मला तीन वर्षांपूर्वीपर्यंत आवडायचं.

तीन वर्षांपूर्वी, दसरा होऊन दिवाळी यायची होती, तेव्हा एका दुपारी मी शाळेतून शेतावर गेले, तर धुऱ्यावर, बांधाला लागून, एका ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत ट्रकचं मुंडकं ठेवलेलं होतं. दुसरा शब्द मला आजही सुचत नाही. खाली चाकं नाहीत, मागे धड नाही, नुसती केबिन. समोरच्या काचेचा डावा भाग गेलेला, उजव्या भागाला कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे. दार उघडं लोंबत होतं. आणि आमचे हे, आयुष्यभर ट्रक चालवून त्याच वर्षी चैत्रात घरी बसलेले, त्या मुंडक्याच्या टपावर उकिडवे बसून काथ्याच्या दोऱ्या सोडत होते.

"हे काय आणलं?"

"केबिन व्हय. खामगावच्या भंगारातून आणली."

"कायले?"

"झोपाले जागा करतो याच्यात. लहानसं घर. गॅस, पाणी, सगळं. खाली चाकं लावतो, आपल्या जीपले जोडतो. मंग जाऊ कुठीबी."

जाऊ म्हणाले, की जातो म्हणाले? तेवढ्यात ट्रॅक्टरवाल्यानं इंजिन सुरू केलं आणि मला शेवटचा शब्द नीट ऐकू आला नाही. मी मराठीची शिक्षिका. पुढचे दोन महिने मी त्या एका क्रियापदाचं वचन शोधत होते.

ह्यांनी गाडी सोडली ती डोळ्यांपायी, असं सगळ्यांना सांगितलं होतं. मोतीबिंदू उतरतोय, समोरून दिवे आले की फुटून दिसतात. मीही तेच सांगत होते. पण श्रावणात एकदा माझ्या पोलक्याचं बटण तुटलं, तेव्हा ह्यांनी माझ्या हातातली सुई घेतली आणि पहिल्या झटक्यात दोरा ओवून दिला. मी मनात एक बारीकशी खूण करून ठेवली. केबिन आल्यावर अशा खुणा भराभर वाढू लागल्या.

केबिनची पहिली खूण अशी, की ह्यांनी सगळ्यात आधी अक्षरं घासून काढली. केबिनच्या कपाळावर काहीतरी लिहिलेलं होतं, दारावर मालकाचं नाव, बाजूला नंबर. कुठलाही माणूस आधी काच बसवील, दार दुरुस्त करील. हे पॉलिश पेपर घेऊन दोन दिवस अक्षरंच खरवडत बसले. तिसऱ्या दिवशी वर निळा रंग मारला. मी विचारलं, "कोणाची गाडी होती?" तर म्हणाले, "भंगाराले काय नाव असते?"

रफिकभाई वेल्डिंगवाले आले. त्यांनी जुन्या ट्रॉलीचा ॲक्सल आणि दोन चाकं बसवून केबिनखाली चौकट जोडली. दोन सीटांच्या मध्ये पूर्वी इंजिनाचं टोपण होतं. इंजिन गेलं तरी तो उंचवटा होताच. त्यावर फळी ठोकून ओटा झाला, ओट्याच्या खाली गॅसची छोटी टाकी. टपावर एक चौकोन कापून जाळीची झडप केली. पाण्याचा कॅन उलटा टांगून त्याला तोटी. काचेच्या जागी काच, काचेच्या आत डासांची जाळी. माणूस घर बांधतो तेव्हा बायकोला विचारतो, ओटा किती उंच हवा. मला कोणी विचारलं नाही. रफिकभाईंनी मात्र एकदा माझ्यादेखत म्हटलं, "दिगंबरभाऊ, हे स्टिअरिंग काहाडून टाका ना. इंजिनच नाही तं स्टिअरिंग काय करता? जागा होते मस्त."

"राहू द्या," हे म्हणाले.

"पण कामाचं काय?"

"राहू द्या म्हटलं ना."

रफिकभाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घातली. ती दुसरी खूण.

वेचणाऱ्या बाया दुपारी भाकरीला बसत तेव्हा केबिनची सावली टाळून लांब निंबाखाली जात. केबिन बांधापाशीच होती, तिची सावली चांगली ऐसपैस पडे. त्यांच्यातल्या एकीनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई, भंगाराची गाडी म्हंजे ॲक्सिडेंटचीच असंल. त्याच्यात कोनी मेलं असंल तं? तुमी शिकेल मानसं, तुमाले काय सांगाव." मी हसून उडवून लावलं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर फिनाइलची बाटली आणि घासणी घेऊन केबिनमध्ये शिरले.

रक्ताचा डाग नव्हता. डिझेलचा, जुन्या घामाचा, उदबत्तीचा वास होता. ड्रायव्हरच्या सीटमागे आडवा बाक होता. लांबच्या फेरीवर दोन ड्रायव्हर असतात. एक चालवतो, दुसरा या बाकावर झोपतो. बाकाचं फाटकं रेक्झिन मी वर उचललं आणि फळीच्या फटीत एक हातरुमाल सापडला. पांढरा, कडेला क्रोशाची वेल, कोपऱ्यात लाल दोऱ्यानं भरलेला 'क'.

बाईच्या हातचं काम ओळखायला बाईला वेळ लागत नाही. तो रुमाल मी घरी नेला नाही. शाळेच्या कपाटात, हजेरीपटांच्या मागे लपवला. वर्गावर शिकवताना 'क'वरून सुरू होणारी बायकांची नावं माझ्या डोक्यात फिरत राहायची: कुसुम, कांता, कौसल्या. तीस वर्षं हा माणूस महिन्यातले वीस दिवस बाहेर. गुजरातेत, आंध्रात, कुठे कुठे. मी कधी संशय घेतला नव्हता. खरं सांगायचं तर संशय घ्यायला मला फुरसतच नव्हती. शाळा होती, दोन पोरी होत्या, सासूबाई अंथरुणावर होत्या. आता पोरी आपापल्या घरी गेल्या होत्या. फुरसत झाली आणि ती सगळी याच कामी लागली.

त्याच आठवड्यात मी शिवणाचा टेप नेऊन बाक मोजला. लांबी सहा फूट, रुंदी सव्वादोन. ह्यांनी नवीन फळी मारली होती, नवीन गादी भरून आणली होती, समोर जाड पडदा लावला होता. पण रुंदी एका बोटानंही वाढवली नव्हती. वाढवायला जागा होती. सव्वादोन फुटांवर एकच माणूस झोपतो. क्रियापद एकवचनी होतं, याबद्दल माझी खात्री पटली.

आणि मग तिकिटं सापडली. मी सदरा भिजवण्याआधी सहज खिशात हात घातला, तर एसटीची दोन तिकिटं: मोताळा ते नांदुरा, नांदुरा ते वडनेर भोलजी. पुढच्या सोमवारच्या सदऱ्यात पुन्हा तीच. त्याच्या पुढच्या सोमवारी पुन्हा. सोमवारी मी दहाला शाळेत जायची, पाचला परत यायची. हे घरीच असायचे. निदान मी तसं धरून चालले होते.

वडनेरला आमचं कोणी नाही. नाही म्हणजे, होता एक. शालिग्राम. ह्यांचा जोडीदार ड्रायव्हर. चौदा वर्षं एका गाडीवर दोघं. तो त्याच वर्षी फाल्गुनात वारला. गुजरातेत कापसाच्या गाठी घेऊन निघाले होते, वाटेत त्याच्या छातीत दुखलं, ह्यांनी दवाखान्यात नेलं, तिथे तो गेला. मला सांगितलं होतं ते असं. तेरवीला मी वडनेरला गेले होते. त्याची बायको कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. कोणी हात धरला तरी हाताकडे बघत नव्हती. तिचं नाव कमल.

क.

एखादी शंका मनात आली, की माणूस वाईट होतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. मी काही ओरडले-भांडले नाही. उलट जास्त गोड झाले. जेवण वाढताना हसायची, आणि हे हात धुवायला गेले की फोन उचलून बघायची. दिवाळीच्या सुट्टीत एके सकाळी मी मागच्या दारी भांडी घासत होते. हे विहिरीकडे उभं राहून फोनवर बोलत होते. वारा माझ्या बाजूचा होता.

"वहिनी, तुमी रडू नका. मी येतो ना सोमवारी. सगळं तसंच ठेवलं मी. पडदाबी तसाच लावला. तुमी एकदा येऊन तं पाहा. तुमी आल्याबिगर मी ते हालवत नाई."

घासणी माझ्या हातात तशीच राहिली. पाणी वाहत होतं. मला आधी राग आला नाही. आधी फार थकल्यासारखं झालं.

त्या सोमवारी मी सांगितलं की माझी केंद्रावर बैठक आहे. हे साडेनऊच्या गाडीनं गेले असणार. मी मागची गाडी धरली. नांदुऱ्याला गाडी बदलली. हमरस्त्यावर ट्रकांची रांग होती. प्रत्येक ट्रकच्या केबिनमध्ये मी त्या दिवशी मान वळवून पाहत होते. मागे पडदा, पडद्यामागे कोणीतरी झोपलेलं. इतकी वर्षं हे ट्रक माझ्या समोरून जात होते. माझा नवरा त्यातल्या एकात राहत होता. आणि तो पडदा मी कधी पाहिला नव्हता.

वडनेरला घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणाला लोटलेलं फाटक. आत मेथीचा ढीग पडला होता आणि कमल खाली बसून जुड्या बांधत होती. ती घरची भाजी बाजारात विकते. हे तिच्या समोर बाजेवर, मान खाली घालून. मी फाटकाशीच थांबले. मला काहीतरी भयंकर ऐकायला मिळणार, अशी माझी तयारी होती.

"मंग, पुन्हा सांगा," ती म्हणाली. जुडी बांधणं थांबलं नव्हतं. "चहा कुठी पेले?"

"टोल नाक्याच्या पुढं. सकाळी सात वाजले असतीन."

"तो काय बोलला?"

"म्हणे रातभर मी चालवली, आता तू घे. मी पडतो."

"छातीत दुखते म्हणे का?"

"नाई म्हणे. आंबट ढेकर येऊन राह्यले म्हणे."

"मंग?"

"मंग तो मागं पडला. पडदा ओढला त्यानं. मी गाडी काहाडली."

"अन् तुमी थांबले कवा?"

"एक वाजता. जेवाले."

"सहा घंटे."

"हाव."

"सहा घंट्यात त्यानं हाक नाई मारली?"

"वहिनी, त्या इंजिनात कुठं ऐकू येते?"

एखादं पोर पाढे म्हणतं तसं चाललं होतं. कितव्यांदा म्हटले असतील कोण जाणे. ती विचारत होती त्यात राग नव्हता, हे उत्तर देत होते त्यात कंटाळा नव्हता. पुढचं ऐकून मला कळलं, दवाखान्यात नेलं होतं हे खरं. पण नेला तेव्हा शालिग्राम थंड पडलेला होता. जेवायला उठवायला म्हणून ह्यांनी पडदा सारला तेव्हाच. सकाळपासून दुपारपर्यंत माझा नवरा मेलेल्या मित्राला पाठीशी घेऊन गाडी चालवत होता, आणि हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं.

फाटक वाजलं. माझाच हात लागला असेल. हे दचकून उभे राहिले. कमलनं वर पाहिलं आणि मी रोजच येत असल्यासारखं म्हणाली, "या बाई. बसा."

मी रुमाल पिशवीतून काढून तिच्या पुढ्यात ठेवला. सकाळी शाळेच्या कपाटातून तो मी तिला तोंडावर विचारायला म्हणून आणला होता. तिनं मातीचे हात पदराला पुसले, रुमाल उचलला, उलटा करून शिवण पाहिली. "मीच देल्ला होता त्याले," ती म्हणाली. "म्हणे हरवला. मी लय बोलली त्याले तवा."

परतताना एसटीत आम्ही शेजारी बसलो होतो. बरीच गावं गेली. मग हे खिडकीकडे तोंड करून बोलले.

"मी त्याच्याशी बोलत होतो वं. सकाळभर. म्हटलं असा झोपला का उठत नाई. भजे घेतले वाटेत, खिडकीतूनच, त्याच्यासाठी बांधून ठेवले."

"मले काऊन नाई सांगितलं?"

"काय सांगू?"

"अन् डोळे?"

"डोळे बरे हायेत." पुढे म्हणाले, "सीटवर बसलो का मागून पडदा हालल्यावानी वाटते. मंग मी वळून पाहातो. वळून पाहणाऱ्यानं गाडी चालवू नये."

मग केबिनचंही सांगितलं. मालकानं त्या दोघांचा तो ट्रक विकून टाकला होता, घेणाऱ्यानं चेसिस ठेवून केबिन भंगारात काढली होती. खामगावला हे सहज गेले होते, तर गॅस कटर लावून तीच केबिन कापायची तयारी चाललेली. म्हणाले, "मी म्हटलं, थांबा." एवढंच. शालिग्राम आणि ह्यांचं ठरलेलं होतं, की निवृत्त झालो की गाठी-बिठी न घेता रिकाम्या गाडीनं हिंडायचं. चौदा वर्षं बंदराच्या फाटकापर्यंत जाऊन दोघांनी समुद्र पाहिला नव्हता. माल उतरवायचा आणि वळायचं.

हे सगळं ऐकून माझा संशय फिटायला हवा होता. कमलच्या बाबतीतला फिटला. मला माझी शरमही वाटली. पण शिक्षिकेचा कान वाईट असतो. वडनेरच्या त्या अंगणात आणि नंतर कित्येकदा माझ्या एक गोष्ट लक्षात आली. 'मला ऐकू आलं नाही' असं हे कधीच म्हणत नव्हते. 'इंजिनात ऐकू येत नाही' असं म्हणत. दोन्हींत फरक आहे. तो फरक कमललाही कळत होता, म्हणून ती दर सोमवारी पुन्हा सुरुवातीपासून विचारत होती.

मार्गशीर्ष लागला. पहिली वेचणी आटोपली होती, दुसरी सुरू व्हायची होती. एका रविवारी दुपारी कमल आमच्या शेतावर आली. एकटीच, एसटीनं. तिनं केबिनला बाहेरून एक चक्कर मारली. निळ्या रंगाखाली दारावरच्या खरवडलेल्या नावाचा ठसा अजून पुसट दिसत होता. त्यावर तिनं बोट फिरवलं. मग चपला खाली काढल्या, दांडी धरून वर चढली. स्टिअरिंग, सीट, पडदा, सव्वादोन फुटांचा बाक. यातलं काहीच का बदललं नव्हतं, ते मला तेव्हा कळलं.

ती बाकावर आडवी झाली. तिचे पाय पार शेवटपर्यंत पोचत नव्हते.

"भाऊजी, आता आवाज करा," ती म्हणाली. "तेवढाच आवाज करा. कमी नाई, जास्त नाई. मी त्याच्यावानी हाक मारीन. कवा मारीन ते सांगत नाई."

तिनं फोनवर सांगितल्यावरून ह्यांनी शेजाऱ्याचा ट्रॅक्टर आधीच आणला होता. तो केबिनच्या अगदी तोंडाशी लावला, इतका जवळ की ट्रॅक्टरचं नाक पत्र्याला टेकलं. खाली उतरून दोनदा कान देऊन आवाज कमी-जास्त केला. "हां. इतकाच असे," म्हणाले. मग येऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसले, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. मला म्हणाले, "तू त्या बाजूनं बस."

पडदा ओढला गेला.

सगळी केबिन थरथरत होती. काच वाजत होती, ओट्यावरची पातेली वाजत होती, माझे दातसुद्धा. डिझेलचा धूर आत येत होता. समोर ट्रॅक्टरच्या पलीकडे पांढरं शेत आणि त्यावर ऊन. हे समोर पाहत होते, खरंच रस्ता असावा तसे. मी त्यांच्या हातांकडे पाहत होते. किती वेळ गेला सांगता येत नाही. पाच मिनिटं असतील.

मग मला ऐकू आलं. लांबून, जसं कोणी भिंतीपलीकडून बोलावं. "दिग्या."

आमच्या ह्यांना दिग्या म्हणणारा जगात एकच माणूस होता. सासूबाईसुद्धा दिगंबर म्हणायच्या. मी ऐकलं, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. आणि त्याच क्षणी ह्यांचा डावा अंगठा स्टिअरिंगवरून उचलला गेला. थोडासा. मग पुन्हा खाली टेकला. रस्त्यात खड्डा आला तरी अंगठा तसा उचलतो, कोणी म्हणेल. पण रस्ता नव्हता.

आणखी थोड्या वेळानं पडदा सरकला. कमलनं हात हलवला. ह्यांनी उतरून ट्रॅक्टर बंद केला. इतकी शांतता झाली की वाळकी बोंडं एकमेकांना लागत होती तेही कळत होतं.

ती उठून बसली. केस विस्कटलेले.

"भाऊजी, आलं ऐकू?"

"नाई आलं, वहिनी."

त्यांनी पहिल्यांदाच तसं म्हटलं. नाई आलं. 'येत नाही' असं नव्हे.

तिनं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. ह्यांची नजर हलली नाही. मग ती माझ्याकडे वळली. माझ्यावर तिचा विश्वास जास्त होता, हे मला दिसत होतं. मी बाई होते. आणि मीही तिच्यासारखीच ह्यांच्या मागे लागून वडनेरच्या फाटकापर्यंत पोचले होते. मी खोटं बोलणार नाही असं तिला वाटणं साहजिकच होतं.

"बाई, तुमाले?"

त्या एका क्षणात मी काय काय विचार केला असेल ते आता जुळवून सांगणं म्हणजे सजवणं होईल. मला एवढंच आठवतं, की तिच्या गालावर नव्या गादीच्या शिवणीचा वळ उठला होता.

"नाही," मी म्हटलं. "मला काहीच ऐकू आलं नाही."

"मी तीनदा हाक मारली," कमल म्हणाली. "दोनदा हळू. एकदा जोरात मारली."

"नाही आलं."

तिनं मान हलवली. एकदा, मग पुन्हा एकदा. रडली नाही. बाकावरची चादर तिनं चारी बाजूंनी ओढून सारखी केली, उतरली, चपला घातल्या. मग ओट्याकडे बोट दाखवून म्हणाली, "हा गॅस पेटते का?"

"पेटते ना," हे म्हणाले.

"मंग चहा ठेवा. साखर जास्त टाका मले."

त्या केबिनमध्ये शिजलेली ती पहिली वस्तू. कमलनं दोन कप घेतले. जाताना तिनं सोबत आणलेली पिशवी माझ्या हातात दिली. आत मेथीच्या चार जुड्या होत्या. त्यानंतर सोमवारची तिकिटं थांबली. तिचा फोन अजूनही येतो, पण मेथी काय भावानं गेली ते सांगायला. किंवा लेकीला स्थळ आलं आहे, पोराचं घर कसं आहे ते ह्यांनी पाहून यावं म्हणून. तिचा आवाज बदलला आहे. झोप लागते आता, असं एकदा म्हणाली.

ती गेल्यावर दोन दिवसांनी ह्यांनी रफिकभाईंना बोलावून बाकाला बिजागऱ्या लावून घेतल्या. एक फळी पुढे ओढली की सव्वादोनाचे चार फूट होतात. स्टिअरिंग काढलं, तिथे भांड्यांची मांडणी आली. मला विचारलं, ओटा उंच होतो का तुला. मी म्हटलं, होतो. मग दोन बोटं खाली घेतला.

मी चांगलं केलं की वाईट, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. एका बाईला झोप मिळाली, एवढं खरं. पण ती झोप मी दिली आणि ती खोटी आहे. शिवाय मी ते कमलसाठी केलं की ह्यांच्यासाठी, हेही मला ठाऊक नाही. कापूस फुटतो तेव्हा हे सगळं परत येतं. दुसऱ्यावरचा संशय माणूस तिकिटं पाहून, पाठलाग करून तपासू शकतो. स्वतःवरचा कसा तपासायचा?

रस्त्यावर काढायची तर केबिनला कागदपत्रं लागत होती. ते सगळं झेंगट मिटेपर्यंत उन्हाळा उजाडला. पहिली फेरी लांब नव्हती. जीपला जोडून, जीप ह्यांनीच चालवत, आम्ही लोणारला गेलो. ह्यांनी तीस वर्षं त्या फाट्यावरची पाटी पाहिली होती, एकदाही वळले नव्हते. आम्ही काठावर, झाडाखाली केबिन लावली. खाली खोल त्या तळ्याचं हिरवट पाणी न हलता पडलेलं. माकडं फांद्यांवरून आमचं सामान न्याहाळत होती. हे दगडावर बसले, मी त्यांच्या शेजारी. केबिनमध्ये गॅसवर चहा ठेवला होता.

"एक विचारू?" ते म्हणाले.

"विचारा."

"तुले त्या दिवशी खरंच ऐकू नव्हतं आलं?"

मी पाण्याकडेच पाहत राहिले.

"नाही," मी म्हटलं.

"मलेबी नाई," ते म्हणाले. फार लवकर म्हणाले.

मागे केबिनमध्ये चहा उतू जाऊन गॅसवर पडल्याचा बारीकसा चर्र आवाज झाला, आणि आम्ही दोघंही एकदमच उठलो.